डावीकडचे स्टेअरिंग

मित्रांनो, बंदराच्या मागे तारेच्या जाळीने वेढलेले एक मोठे आवार आहे. जहाजातून उतरलेल्या गाड्या तपासणीसाठी तिथे उभ्या करतात. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून, एक बुटकी, कापडी टपाची, हिरवा रंग विटलेली गाडी तुम्हाला दिसेल. तिच्या पुढच्या काचेवर खडूने मोठी फुली मारली आहे. ती गाडी म्हणजे मी. माझे वय झाले आहे आणि आता माझ्यापुढे फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून माझी हकीकत तुम्हाला सांगून ठेवते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. शहरात मिरवणाऱ्या मोटारी तिथे बनत नसत. चिखल, दगड, ओढे आणि उभे चढ यांच्यासाठीच आम्हाला घडवत. माझा सांगाडा जाड पोलादाचा. त्याला चासी म्हणतात. माणसाला जसा कणा, तशी गाडीला चासी. चारही चाकांना एकदम जोर मिळावा म्हणून दोन आसनांच्या मधे एक आखूड दांडा बसवला. पुढच्या बाजूला दोर गुंडाळायचा रहाट बसवला. आणि स्टेअरिंग बसवले डाव्या अंगाला, कारण त्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्या वेळी मला यात काही विशेष वाटले नाही. आपले नाक मधे आहे याचे कुणाला विशेष वाटते?

मला डोंगरातल्या वीज कचेरीत पाठवले. तिथे एक लाइनमन होते. अंगाने काटकुळे, बोलायला कंजूष, नुकतेच लग्न झालेले. माझी किल्ली त्यांच्या हाती दिली आणि पुढची सगळी वर्षे ती त्यांच्याच खिशात राहिली. वादळ झाले की वरचे खांब आडवे होत, तारा तुटून झाडांवर लोंबकळत आणि खोरीच्या खोरी अंधारात बुडत. मग आम्ही निघायचो. मागे तारेची भेंडोळी, खांबावर तार बसवायच्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या, शिडी आणि दोर. रस्ता संपला की लाइनमन तो आखूड दांडा ओढत आणि आम्ही ओढ्याच्या पात्रातून वर चढत असू. रहाटाचा दोर झाडाला बांधून मी स्वतःला वर ओढून घेत असे. लांबून माझे दिवे चढताना दिसले की लोक दारात येऊन म्हणत, "हिरवी आली. आता लाइट येईल."

एकदा एका खोऱ्यातली दूध थंड ठेवायची यंत्रे बंद पडली होती आणि टाक्यांतले सगळे दूध नासायला आले होते. आम्ही चिखलातून खांब फरफटत नेला. तिथल्या डेअरीचा म्हातारा माझ्या बोनेटवर थाप मारून म्हणाला, "ही गाडी नव्हे, म्हैस आहे. चिखलात घातली की खूश." लाइनमन त्या दिवशी हसले. त्यांचे हसणे मी फार थोड्या वेळा ऐकले आहे.

ते मला जिवापाड जपत. स्वतःच्या सदऱ्याला बटण नसले तरी चाले, पण माझ्या टपाची दोरी तुटलेली चालत नसे. त्यांची बायको शेजारणीला म्हणायची, "मला ताप आला तर यांना दोन दिवसांनी कळतं. हिचं इंजिन खोकलं की लगेच कळतं." ती हे हसत म्हणत असे, पण पूर्ण हसत नसे.

त्यांना दोन मुले. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलगी माझ्या मागच्या बाकावर झोपून मोठी झाली. मुलाला मात्र माझ्या पोटात काय काय आहे हे बघायचा नाद. हाताला कसब होते त्याच्या. तो मिसरूड फुटायच्या वयाचा असताना माझे एक चाक पंक्चर झाले. वडील घरात जेवत होते. त्याने एकट्याने चाक बदलले, नट आवळले आणि हात पुसत बाजूला उभा राहिला. लाइनमन बाहेर आले.  त्यांनी पाना घेतला, मुलाने आवळलेले सगळे नट सैल केले आणि पुन्हा स्वतः आवळले. मुलगा बघत होता. त्या दिवसानंतर त्याने मला कधी हात लावला नाही. पुढे त्याने घराच्याच अंगणात, दुसऱ्या टोकाला वेल्डिंगचे वर्कशॉप काढले. शेतीच्या ट्रॉल्या, लोखंडी फाटके, पाण्याच्या टाक्या. त्याच्या जोडासाठी लोक दुरून येत. वडील रोज त्या वर्कशॉपवरून जात आणि येत. कामाबद्दल त्यांनी कधी वाईट म्हटले नाही. चांगलेही म्हटले नाही.

लाइनमन निवृत्त झाले तेव्हा कचेरीने मलाही मोडीत काढले. निरोपाच्या वेळी त्यांना घड्याळ द्यायचे ठरले होते. ते म्हणाले, घड्याळ नको, गाडी द्या. मला अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली आणून उभे केले. सुरुवातीला आम्ही फेरफटका मारायचो. मग त्यांची बायको गेली. मग त्यांची छाती भरू लागली. माझे इंजिन हाताने फिरवून सुरू करावे लागे, त्यात त्यांना धाप लागे. हळूहळू मी नुसतीच उभी राहू लागले. टायर बसले. उंदरांनी वायरी कुरतडल्या. एका कोंबडीने माझ्या मागच्या बाकाखाली अंडी घातली आणि कुणाला ती उन्हाळ्यापर्यंत सापडली नाहीत. ज्यांना सापडली, त्यांना ती डोळ्यांनी नव्हे तर नाकाने सापडली.

मित्रांनो, दुर्लक्ष म्हणजे प्रेम आटले असे नसते. लाइनमनकडून माझे काही करवत नव्हते आणि ते दुसऱ्याला करू देत नव्हते. मुलगा पलीकडे ठिणग्या उडवत बसलेला असे. त्याने दुपारभरात माझी वायर बदलली असती. पण वडील सांगत नव्हते आणि मुलगा विचारत नव्हता. कधी कधी लाइनमन आत येऊन बसत, दार लावून घेत, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवत आणि समोरच्या पत्र्याकडे बघत राहत.

मग डॉक्टरांनी सांगितले की इथली हवा विरळ आहे, थंडी कडक आहे, पुढचा हिवाळा इथे काढला तर ही छाती साथ देणार नाही. धाकटी मुलगी समुद्रापलीकडे या बंदराच्या गावात राहत होती. ती वडिलांना न्यायला आली. त्यांचे बोलणे माझ्या शेजारीच झाले.

"बाबा, चला माझ्याकडे. तिकडं हवेत ऊब आहे."

"आणि तिथं करू काय? खिडकीत बसून तुझी वाट बघू?"

"दादालाही तेच वाटतं, तुम्ही जावं."

"तो मला काही म्हणाला नाही."

"तुम्ही कुणाला म्हणू देता का काही?"

 लाइनमननी माझ्या मडगार्डवर हात ठेवला. मग म्हणाले, "ही येणार असेल तर येतो. आधी मी, मागून ही. तिकडं सपाट, मोकळे रस्ते आहेत म्हणतेस ना, मग चालवेन मी. पण हिवाळ्याआधी ही आली नाही, तर मी इकडं परत येणार. तेव्हा मला अडवायचं नाही."

"इथं हिवाळ्यात राहणं म्हणजे काय, ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," लाइनमन म्हणाले.

मुलगी तोंड फिरवून अंगणाकडे बघत राहिली. वर्कशॉपच्या दारात थोरला उभा होता. त्यानेही सगळे ऐकले होते. अशा रीतीने एका माणसाचा जीव माझ्या चाकांना बांधला गेला.

लाइनमन मुलीबरोबर गेले. थोड्याच दिवसांत मला तिकडे न्यायची व्यवस्था करायला, मुलीने धाडलेले एक गृहस्थ आले. परदेशातल्या डोंगरी गाड्या शोधून त्या समुद्रापलीकडे आणायचा त्यांचा धंदा. जुन्या गाड्यांवरचा गंज त्यांना दागिन्यासारखा प्रिय, म्हणून धंद्यातले लोक त्यांना गंजूशेठ म्हणत आणि त्यांनाही ते नाव आवडत असे. चांगला कोट घातलेला असूनही ते सरळ माझ्या खाली शिरले आणि आतूनच बोलले, "वा. अस्सल आहे. असा गंज आता मिळत नाही."

बाहेर येऊन त्यांनी थोरल्याला बजावले, "माती मात्र कणन् कण धुवा. परकी माती तिकडं चालत नाही. बाकी रंग द्यायचा नाही, पोचे काढायचे नाहीत, गंज खरवडायचा नाही."

"म्हणजे जुनी दिसली पाहिजे," थोरला म्हणाला.

"अगदी बरोबर. जुनी दिसली पाहिजे." गंजूशेठना घाई होती. त्यांना अजून दोन गावे करायची होती. ते निघून गेले.

थोरल्याने मला ढकलत वर्कशॉपमध्ये नेले. पहिल्या दिवशी तो नुसता उभा राहिला. एवढ्या वर्षांनी माझ्या दाराच्या कडीला हात लावताना त्याने आधी मागे वळून बघितले. मागे कुणी नव्हते. मग त्याने माती धुतली, वायरी बदलल्या, इंजिन उघडून पुसले. कितीतरी दिवसांनी माझे इंजिन एका दमात सुरू झाले. तिथेच तो थांबला असता तर माझी हकीकत वेगळी झाली असती.

त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा तो डावीकडच्या आसनावर बसून मान वाकडी करत होता.

"काय झालं? मान अवघडली का?"

"तिकडं गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. बाबा इथं बसले की अगदी कडेला येणार. पुढचा ट्रक ओलांडायचा म्हटलं तर समोरून येणारं त्यांना दिसणारच नाही. आधी सगळी गाडी बाहेर काढायची, मग बघायचं. तोवर कपाळमोक्ष."

"मग बाबांना फोन करून सांगा की सांभाळून चालवा."

"ते सांभाळून चालवणार? ट्रक पुढं दिसला की त्यांना अपमान वाटतो." त्याने कप खाली ठेवला. "स्टेअरिंग उजवीकडं घेतो."

"अहो, विचारलंत का त्यांना?"

"विचारलं तर नको म्हणतील. आजवर कशाला हो म्हणालेत?"

"तरी एकदा विचारा. त्यांची गाडी आहे."

"बसतील तेव्हा कळेल त्यांना," तो म्हणाला. "तू पण सांगू नकोस."

मित्रांनो, मग जे काम झाले तसे काम माझ्या जन्माच्या कारखान्यातही मी पाहिले नव्हते. स्टेअरिंगची पेटी चासीला घट्ट धरलेली असते. उजवीकडे तिला जागाच नव्हती, तिथून धुराची नळी जात होती. त्याने नळी वळवून दुसरीकडे नेली. मग उजव्या बाजूची चासी कापून खाच केली, जाड पट्टी आतून बसवली आणि जोड घातला. माझ्या कण्याला आगीचा चटका बसला, पण त्याचा हात हलला नाही. माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा त्या जोडावर उमटल्या. पायाने दाबायच्या पट्ट्या इकडून तिकडे नेल्या. डावीकडचे भोक पत्र्याने बंद केले. आणि शेवटी, जुनी दिसली पाहिजे असे गंजूशेठ म्हणाले होते म्हणून, त्याने सगळ्या नव्या लोखंडावर तेल आणि काजळी चोळली. ती इतक्या सफाईने चोळली की नवे कुठले आणि जुने कुठले ते मलाही सांगता आले नसते.

शेवटी त्याने मला अंगणात एक गोल फिरवले. मग इंजिन बंद करून उजवीकडच्या आसनावर थोडा वेळ बसला. त्याची बायको दारातून म्हणाली, "छान झालीय." तो म्हणाला, "छान आहे की नाही, ते ज्यांनी सांगायचं ते सांगतील."

जहाजाचा प्रवास सांगण्यासारखा नाही. लोखंडी पेटीत बंद केले, चाकांना पट्टे आवळले. काळोख आणि हेलकावे. शेजारी दुसरी एक जुनी गाडी होती, तिच्या सीटमधला भुसा सारखा गळत होता. बाकी काही दिसत नव्हते. दिवस किती गेले मला माहीत नाही. मी फक्त एवढाच विचार करत होते की हिवाळा लागायच्या आत पोहोचले पाहिजे.

हिवाळ्याच्या आत मी पोहोचले. त्या बाबतीत माझ्याकडून कसूर झाली नाही.

या आवारात एक तपासनीस बाई आहेत. जाड बूट, कमरेला बॅटरी, हातात लांब दांड्याचा आरसा. त्या माझ्याभोवती फिरल्या आणि त्यांनी आरसा माझ्या पोटाखाली सरकवला. एका जागी थांबल्या. रुमालाने काजळी पुसली. पुन्हा पुसली. मग त्यांनी गंजूशेठना हाक मारली.

"ही कारखान्यातून अशीच निघाली होती?"

गंजूशेठनी आत डोकावून पाहिले. स्टेअरिंग जिथे असायला हवे तिथे साधा पत्रा होता. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"मी रंग देऊ नका म्हणालो," ते पुटपुटले. "पोचे काढू नका म्हणालो. स्टेअरिंग हलवू नका, हे सांगायचं मला सुचलंच नाही. कोण हलवतं हो?"

बाईंनी नियम सांगितला. तो मला तेव्हाच पहिल्यांदा कळला. या देशात परदेशातल्या वापरलेल्या गाड्यांना बंदी आहे. सूट आहे ती फक्त फार जुन्या गाड्यांना, आणि तीही कारखान्याने घडवल्या तशाच राहिलेल्या असतील तर. बदल केला की ती जुनी ठेव राहत नाही, नुसती वापरलेली गाडी होते.

"स्टेअरिंग मी परत डावीकडं बसवून घेतो," गंजूशेठ म्हणाले.

"चासी कापलीय. ती कापलेलीच राहणार. वर काजळी लावून झाकलंय. हे मी कसं सोडू, तुम्हीच सांगा." बाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या काचेवर फुली मारली. "एक तर आलेल्या वाटेनं परत पाठवा, नाही तर इथं कापून भंगारात जाईल. मालकांना विचारून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. पुढे मुलगी, मागे लाइनमन. मी त्यांना लगेच ओळखले. इथल्या हवेने त्यांच्या गालांवर थोडे रक्त आले होते, चालताना ते थांबत नव्हते. अंगात मात्र त्यांनी डोंगरातलाच जाड कोट घातला होता आणि त्याची सगळी बटणे लावलेली होती, जणू कुणी गाडीत बसवून न्यायला येणार आहे.

ते सवयीने माझ्या डाव्या दाराकडे आले. दार उघडून आत बसले. दोन्ही हात पुढे केले. तिथे काही नव्हते. हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात एवढे वाईट मला कधी वाटले नाही. वादळात कड्यावरून एक चाक सुटले होते तेव्हाही नाही.

गंजूशेठनी सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. "काका, सोन्यासारखी गाडी होती. ज्यानं हे केलं त्याच्या हातांना..."

"ते हात माझ्या मुलाचे आहेत," लाइनमन म्हणाले.

गंजूशेठ ओशाळून एक पाऊल मागे सरले.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले होते. "दादानं विचारायला हवं होतं. निदान मला तरी."

लाइनमन उतरले. तपासनीस बाईंकडून त्यांनी बॅटरी मागून घेतली आणि जमिनीवर आडवे होऊन माझ्या खाली आले. मुलगी "बाबा, छाती" म्हणाली, पण तोवर ते आत शिरले होते. त्यांनी जोडावर उजेड टाकला. मग बॅटरी बाजूला ठेवून त्यावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. पुन्हा फिरवला. पट्टी कुठे बसवली, धुराची नळी कशी वळवली, सगळे पाहिले. किती वेळ ते माझ्या खाली होते कोण जाणे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला काजळी होती.

"समोरून येणारं मला दिसावं म्हणून केलंय त्यानं," ते म्हणाले. "मी पुढच्याला ओलांडायला जातो, ते त्याला माहीत आहे."

"मग आता परत पाठवूया का?" मुलीने विचारले. "दादा आधीसारखी करून देईल. तुम्ही मात्र इथंच राहा, बाबा. एवढं ऐका."

"परत गेली तर त्याच्या दारात उभी राहील. उठला की तिचं तोंड बघायचं. मी नसलो तरी बघायचं." लाइनमननी मान हलवली. "नको. इथंच कापू दे."

"बाबा, तुमचा जीव आहे तिच्यात."

"आहे. म्हणूनच मी म्हणतोय, दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही."

बाईंनी कागद पुढे केला. लाइनमननी सही केली. मग ते वळसा घालून उजव्या दाराने आत बसले. "माझा एक फोटो काढ, तुझ्या दादाला धाडायला. मागची जाळी येऊ देऊ नकोस. आणि काचेवरची ती फुली पण नको."

मुलीने बाजूने फोटो काढला. लाइनमननी उजवीकडच्या स्टेअरिंगवर डावा हात ठेवला. उजवा हात सवयीने गिअरकडे गेला आणि दारावर आपटला. ते त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी थोरल्याला फोन लावायला सांगितला. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून पलीकडचेही मला ऐकू आले. मागे वर्कशॉपचे यंत्र चालू होते, ते बंद झाले.

"पोचली का, बाबा?"

"पोचली. बसलोय आत."

 मग थोरल्याने विचारले, "चालवली?"

"हो, आत्ताच. समुद्राकाठी लांब रस्ता आहे. एक ट्रक ओलांडला."

"दिसतं का समोरचं?"

"सगळं दिसतं."

थोरला म्हणाला, "मी विचारलं नाही तुम्हाला. तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो," लाइनमन म्हणाले.  "तो चासीचा जोड बघितला मी. खाली झोपून बघितला. माझ्या हातून एवढा सरळ आला नसता."

पलीकडून काहीच ऐकू येईना. मुलीला वाटले फोन तुटला. मग थोरला फक्त "बरं" म्हणाला. पण त्या एका शब्दाला त्याला फार वेळ लागला होता.

फोन ठेवल्यावर मुलगी वडिलांकडे बघत राहिली. "आता काय करायचं? तो रोज विचारेल, आज कुठं फिरलात म्हणून."

"मग रोज सांगेन."

"आणि परत गेलात तर?"

"आता कुठला परत जातोय. गेलो तर पहिलं विचारेल, गाडी कुठं आहे." ते माझ्यातून उतरले. दार आपटले नाही, हळूच लावले. "वाटेत कापडाचं दुकान लागतं का? एक पांघरूण घ्यावं म्हणतो. इथं हिवाळ्यात कसलं लागतं, जाड की पातळ?"

"पातळ," मुलगी म्हणाली.  "पातळ पुरतं, बाबा."

ते दोघे जाळीच्या फाटकातून बाहेर गेले. लाइनमननी मागे वळून पाहिले नाही. मी त्यांना ओळखते. पाहिले असते तर त्यांना पुढे पाऊल टाकता आले नसते.

तर मित्रांनो, माझे असे झाले. खोटे बोलू नये हे मलाही कळते. पण त्या दिवशीच्या खोट्यात एक वाक्य खरे होते, आणि ते खरे वाक्य मुलाला मिळायला माझा कणा कापला जावा लागला. एवढी किंमत त्या वाक्याला पडायला नको होती. ते तर वर्कशॉपवरून जाता-येता कुठल्याही सकाळी, फुकट, सांगता आले असते.

माझ्या पलीकडच्या रांगेतल्या गाड्या कापून झाल्या. काल माझ्या शेजारची, ती भुसा गळणारी, ओढून नेली. आगीचे नळकांडे घेतलेला माणूस रोज सकाळी येतो, आधी समुद्राकडे बघत विडी ओढतो आणि मग कामाला लागतो. वाईट माणूस नाही. उद्या-परवा तो माझ्यापर्यंत येईल. मी कुणावर रुसलेली नाही. ज्यांनी मला बिघडवले त्यांनीही मला जपतच बिघडवले.

तुमच्या घरातही जपण्यासारखे पुष्कळ असेल. एखादे यंत्र असेल, एखादे म्हातारे माणूस असेल. त्याच्यासाठी काही करायला हात शिवशिवू लागले तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, तुला काय हवे आहे. नको म्हणाले तरी विचारा. आणि कुणी तुमच्यासाठी काही नीट केले असेल, तर जेवण झाल्यावर सांगू, सणाला सांगू, असे म्हणत बसू नका. त्या अंगणात मी इतकी वर्षे त्या बापलेकांच्या मधोमध उभी होते. मला सगळे दिसत होते. पण मी लोखंडाची, मला तेव्हा तोंड उघडता येत नव्हते. तुम्हाला येते.